आफ्रिका, व्हाया नळदुर्ग

आमच्या चौघांचा आफ्रिकेला जायचा बेत बावीस वर्षांचा झाला. पोरगा असता तर एव्हाना नोकरीला लागला असता. दर दिवाळीला बेत निघतो आणि दर दिवाळीला अडचणही निघते. कधी कुणाच्या मुलीचं लग्न, कधी कुणाच्या बोअरला पाणी लागत नाही, कधी कुणाचा गुडघा. बेतात मुळात दोनच गोष्टी आहेत, व्हिक्टोरिया धबधबा आणि सेरेंगेटीचा माळ. मागच्या खेपेला एका सहल कंपनीनं माणशी जो आकडा सांगितला, तो ऐकून आमच्यातले पाटील म्हणाले, "एवढ्यात एकरभर डाळिंब उभं राहतंय." डॉक्टर गप्प बसले. मास्तर मात्र तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "धबधबाच बघायचा ना? मग नळदुर्गला चला. दगड त्याच जातीचा हाय."

आम्ही हसलो. पण मास्तर थट्टा करत नव्हते. सप्टेंबरात बोरी धरण भरून सांडवा सुटल्याचा निरोप आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाटलांची गाडी दारात उभी राहिली. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, तिथून नान्नज आणि बार्शी, मग येडशी, तेर, कळंब, शेवटी परंडा. दोन दिवस, चार जिवंत माणसं आणि डब्यात दोन दिवसांच्या भाकरी.

तुळजापुरात गाडीतूनच आईला हात जोडले आणि पुढं निघालो. नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. किल्ला पाहायला येणारे पुष्कळ लोक बुरूज मोजत फिरतात (एकशे चौदा आहेत म्हणे, आम्ही मोजले नाहीत) आणि उपळी बुरुजावर चढून फोटो काढतात. पण या किल्ल्याचा जीव पाण्यात आहे. बोरी नदी किल्ल्याच्या पोटातून वाहते. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, तिच्यावर दगडी बंधारा घालून किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला एकमेकांना जोडले गेले. त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पाणी वाढलं की बंधाऱ्यावरच्या दोन वाटांनी ते खाली झेपावतं. एका धारेला नर म्हणतात, दुसरीला मादी.

म्हणजे खरं सांगायचं तर नर-मादी हा धबधबा निसर्गाचा नाही, गवंड्याचा आहे. हे कळल्यावर डॉक्टरांचा थोडा विरस झाला. माझा उलट आदर वाढला. निसर्गानं केलेला धबधबा बाहेरून पाहावा लागतो. हा आतून पाहता येतो. अंधाऱ्या पायऱ्या उतरून पाणीमहालात गेलं की डोक्यावरून नदी चाललेली असते, समोरच्या गवाक्षाबाहेर पाण्याचा पडदा हलत असतो, आवाजानं छाती भरून जाते आणि अंगावर पडतात ते फक्त तुषार. चारशे वर्षं पूर झेलूनही हे दालन उभं आहे. आपल्याकडचे कित्येक पूल चाळिशीतच वाकतात, हे आठवून पाटलांनी त्या अनाम गवंड्याला तिथंच रामराम केला.

आता मास्तरांचा दगड.

आमच्या भागात विहीर खणणाऱ्याला विचारा, तो जमिनीचे थर बोटावर सांगतो. वर काळी माती, खाली मुरूम, मग बारीक भोकांचा मांजऱ्या, मग काळा पाषाण, मधेच एखादा तांबडा पट्टा, खाली पुन्हा मांजऱ्या. भूशास्त्रज्ञ याच जिन्याला 'ट्रॅप' म्हणतात, पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून. हा सगळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर असा पसरत गेला, आणि आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर भूमी त्याच्याखाली आहे. बेसॉल्ट थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या चिरा पडतात. नदी त्या चिरांत शिरते, दगडाचे खांब सुटून कोसळतात आणि मागं उभा कडा राहतो. म्हणून बेसॉल्टच्या मुलखात पाणी उतारावरून घरंगळत नाही, थेट उडी घेतं. बीडच्या हद्दीतला सौताड्याचा धबधबा तसाच पडतो, आणि झांबेझी नदीवरचा व्हिक्टोरियाही तसाच. तो १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच आहे, पण खडक बेसॉल्टच, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या काळ्या फत्तराचा तो थोरला भाऊ. झांबेझी चिरा कोरत मागं मागं सरकत आली आहे. धबधब्याच्या खालच्या अंगाला ज्या नागमोडी घळया दिसतात, त्यातली एकेक म्हणजे त्याचा जुना पत्ता.

नातं इथंच संपत नाही. दख्खनचा लाव्हा ज्या चुलीवर उकळला ती चूल बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते आज मादागास्करच्या पूर्वेला, रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा तुकडा आफ्रिका आणि मादागास्करपासून सुटून उत्तरेकडं निघाला होता. वाटेत तो त्या चुलीवरून गेला आणि खालून भाजून निघाला. रियुनियनवरचा ज्वालामुखी अजून अधूनमधून धुमसतो. नळदुर्गच्या तटातला दगड तोडून तिथं नेला, तर तो एका अर्थी माहेरी जाईल.

तारखांचाही एक योग आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टननं झांबेझीचा हा धबधबा पाहिला तो १६ नोव्हेंबर १८५५ रोजी. तिथल्या लोकांनी अर्थातच तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला होता, आणि 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे गर्जणारा धूर, असं नावही दिलं होतं. लिव्हिंग्स्टननं त्याला राणीचं नाव चिकटवलं. त्याच दिवसांत नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर नावाचा गोरा अधिकारी पाहत होता. निजामानं १८५३ मध्ये हा जिल्हा इंग्रजांकडे सोपवला आणि टेलर १८५७ पर्यंत इथं राहिला. ठगावर कादंबरी लिहिणारा तो हाच. दोन गोरे, दोन धबधबे, एकच साल. एकानं आपल्या धबधब्याला राणीचं नाव दिलं, दुसऱ्यानं नर-मादीला आहे तसंच राहू दिलं. त्याबद्दल आपण टेलरचे आभार मानायला हरकत नाही.

बंधाऱ्यावर उभे होतो तेव्हा पाण्यावर पिवळसर चतुरांचा थवा घिरट्या घालत होता. लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचो. त्या पापाची आठवण निघाली आणि त्यावरून मी मित्रांना जे सांगितलं ते पाटलांना अजून पटलेलं नाही. हे चतुर पावसाळा सरता सरता आफ्रिकेला निघतात.

मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला एक कोडं पडलं होतं. दर ऑक्टोबरात मालदीवच्या बेटांवर हजारोंनी चतुर येतात. पण चतुराची अंडी गोड्या पाण्यात वाढतात, आणि त्या प्रवाळबेटांवर उघड्यावर गोडं पाणी जवळजवळ नाहीच. मग हे येतात कुठून आणि जातात कुठं? वर्षानुवर्षं तारखा आणि वारे टिपून २००९ मध्ये त्यानं उत्तर मांडलं. माघारी फिरणाऱ्या पावसाच्या पट्ट्याबरोबर, उंचावरच्या वाऱ्यावर बसून, हे चतुर भारतातून मालदीव, सेशेल्स करत पूर्व आफ्रिकेत पोचतात. तिथल्या पावसाच्या डबक्यांत अंडी घालतात. पुढच्या पिढ्या आफ्रिकेतला पाऊस धरून दक्षिणेला आणि मग पुन्हा उत्तरेला सरकतात, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर भारतात परततात. चौदा ते अठरा हजार किलोमीटरची ही फेरी एकटा कीटक पुरी करत नाही, चार पिढ्या मिळून करतात. पणजोबा नळदुर्गाहून निघाला तर पणतू पुढच्या पावसात इकडं येणार. पासपोर्ट नाही, सहल कंपनी नाही, आणि वजन म्हणाल तर चिमूटभर साखरेपेक्षाही कमी.

चातकही तिकडचाच. महाराष्ट्रात पावसाच्या आगेमागे दिसणारा हा काळापांढरा, शेंडीवाला पक्षी मोसमी वाऱ्याबरोबर आफ्रिकेतून येतो, आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात गुपचूप टाकतो आणि पाऊस ओसरला की परततो. आपण त्याच्या तहानेवर शेकडो वर्षं कविता केल्या. तो खरा कुठला, हे विचारायचं राहून गेलं.

दुपारी किल्ल्याबाहेर लिंबाखाली डबे सोडले. ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी, कांदा, दही. मास्तरांनी चटणीत बोट बुडवलं आणि वर्गात उभं राहिल्यासारखं विचारलं, "यातलं मराठवाड्याचं काय?" कांदा, दही अशी उत्तरं आली. "ज्वारी?" आम्ही सगळे म्हणालो, ती तर आमचीच. ती आमची नाही. ज्वारी माणसानं पहिल्यांदा शेतात आणली ती आजच्या सुदानच्या पूर्व भागात, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, आणि तिथून ती भारतात आली. बाजरीही आफ्रिकेतली, सहाराच्या दक्षिण कडेची. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतली. कारळं इथिओपियातलं, त्याच्या शास्त्रीय नावातच अॅबिसिनिया, म्हणजे जुना इथिओपिया आहे. आम्ही आफ्रिका पाहायला निघालो होतो आणि सकाळपासून ती फडक्यात बांधून मांडीवर घेऊन बसलो होतो.

ज्वारी इथं इतकी रुजली त्याचं कारण सरळ आहे. तिला आपल्या घरासारखाच मुलूख मिळाला. त्यासाठी नान्नजच्या माळावर जावं लागतं.

सोलापूर ओलांडून बार्शी रस्त्याला लागलं की नान्नज येतं. गाडीतून पाहणाऱ्याला इथं 'काहीच नाही' असं वाटतं. झाडं विरळ, गवत गुडघ्याएवढं, मधेच एखादं हिवराचं छत्र, बोरीचं झुडूप, क्षितिजावर मेंढ्यांचा ठिपका. माझ्या मते मराठी माणसाच्या डोळ्यातला हा जुना दोष आहे. जंगल म्हटलं की त्याला घनदाट झाडी लागते आणि गवत दिसलं की तो म्हणतो, उजाड आहे. सेरेंगेटी या मसाई नावाचा अर्थ मात्र अंत नसलेला माळ असाच आहे, आणि तो उजाड माळ पाहायला जगभरातून लोक लाखो रुपये मोजून जातात.

गवत सलग, झाडं विरळ, पाऊस चार महिने आणि मग आठ महिने कोरडं. अशा भूमीला सॅव्हाना म्हणतात. धाराशिव-सोलापूरचा माळ हा सॅव्हानाच आहे, कुणीतरी तोडून उजाड केलेलं जंगल नव्हे. इंग्रज वनाधिकाऱ्यांना तो तसा वाटला आणि आपणही ते पाठ केलं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी २०२५ मध्ये हा समज फार मजेशीर वाटेनं खोडून काढला. त्यांनी माती खणली नाही, जुनं मराठी साहित्य चाळलं. तेराव्या शतकापासूनच्या ग्रंथांत, ओव्यांत, कथांत कोणकोणत्या रानझाडांचा उल्लेख येतो ते टिपलं. त्यात निम्म्याहून जास्त झाडं माळाचीच निघाली, गर्द जंगलाची नव्हेत. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला हा माळ निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहे. पंढरपूरच्या मंदिरातली कान्होपात्रेची तरटी आठवा. ते काटेरी, खुरटं झाड माळाचंच. संतांनी वनस्पतिशास्त्रासाठी लिहिलं नव्हतं, म्हणून तर ही साक्ष पक्की.

आपल्या बाभळीचं शास्त्रीय नाव 'निलोटिका', म्हणजे नाईल नदीकाठची. ती दोन्हीकडं उगवते. पायमोज्यात घुसून जीव खाणारं कुसळीचं गवतही आफ्रिकेच्या माळांवर तसंच घुसतं. नान्नजचं अभयारण्य ज्याच्यासाठी १९७९ मध्ये झालं त्या माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ कोरी बस्टर्ड हा आफ्रिकेतला उडणारा सर्वांत वजनदार पक्षी. दोघांची चाल तीच, मान ताठ करून माळावरून पाटलासारखं चालत जायची रीत तीच. (पाटलांनी यावर नापसंती नोंदवली.) फरक एवढाच की कोरी अजून पुष्कळ आहेत आणि आपले माळढोक साऱ्या देशात दीडशेच्या आत उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं. आम्हाला नान्नजला माळढोक दिसला नाही. दिसेल अशी आशाही नव्हती. काळविटं मात्र दिसली, तीस-पस्तीस असतील. एक काळाकुळकुळीत नर पिळदार शिंगं पाठीला टेकवून उभा होता. मग कुणीतरी टाळी वाजवल्यासारखा अख्खा कळप उसळला आणि उड्या घेत गेला.

काळवीट इतकं वेगात का पळतं? त्याच्या मागं आज धावणारं कोणी नाही. लांडगा आहे, पण तो दमवून मारतो, वेगानं गाठत नाही. काळविटाच्या पायात जो वेग आहे तो चित्त्यासाठीचा आहे, आणि चित्ता तर गेला. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या कोरियाच्या राजानं शेवटचे तीन मारले आणि १९५२ मध्ये सरकारनं चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर केलं. गंमत अशी की साऱ्या जगानं या प्राण्याला दिलेलं नाव आपल्याकडचं आहे, अंगावर चित्र असलेला म्हणून चित्ता. आणि आफ्रिकेतून चित्ते आणायचं काम मध्य प्रदेशातल्या कुनोच्याही आधी मराठी मुलखात झालेलं आहे. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. इथले मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून मागवले गेले. १९१८ ते १९४५ या काळात कोल्हापूर, भावनगर अशा संस्थानांनी मिळून दोनशेच्या आसपास चित्ते आणले असं अभ्यासक सांगतात. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर नेत, काळवीट दिसलं की टोपी काढत. कुनोला नामिबियातून आठ चित्ते आले ते १७ सप्टेंबर २०२२ रोजी. हेतू बदलला होता, वाट जुनीच होती.

माळावर एक धनगरबाबा भेटले. "कुठलं हाव तुमी?"

"धाराशिवचं."

"मग हितं काय बघायलाव? काय बी नाय हितं."

लांडगा दिसतो का विचारलं. "दिसतंय की. परवा एक कोकरू नेलं." राग नव्हता आवाजात. "नेतंय. त्याचं बी पोट हाय."

मुक्काम बार्शीत. दुसऱ्या दिवशी सकाळी येडशी. इथल्या रामलिंगाचं देऊळ घाटाच्या खोबणीत आहे आणि पावसाळ्यात देवळाशेजारी कड्यावरून पाणी पडतं. जटायू इथंच पडला अशी श्रद्धा आहे. देवळात जेवढी माणसं तेवढीच माकडं, आणि प्रसादाच्या बाबतीत माकडं जास्त दक्ष. जुन्या लोकांना येडशी म्हटलं की बार्शी लाईट आठवते. कुर्डुवाडी ते बार्शी अशी १८९७ मध्ये सुरू झालेली ही अडीच फुटी रेल्वे पुढं १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. घाटात ती इतकी हळू चालायची की लोक उतरून शेजारून चालत, अशी गोष्ट मास्तरांनी सांगितली. प्रत्येक छोट्या रेल्वेबद्दल हीच गोष्ट सांगतात, तेव्हा खरी मानायची की नाही ते तुम्ही ठरवा.

देवळाभोवतीचं येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ चं, जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. इथं तरस आहे. तरस म्हटलं की इंग्रजी सिनेमातलं ठिपक्यांचं, खिदळणारं जनावर डोळ्यापुढं येतं. आपलं तरस पट्ट्यांचं, एकटं फिरणारं, लाजाळू. ते पूर्व आणि उत्तर आफ्रिकेतही आहे आणि आपल्या उसाच्या कडेलाही. बिबट्याचंही तेच. केनियात जीपमधून ज्या जातीचा बिबट्या पाहतात, त्याच जातीचा बिबट्या जुन्नरच्या उसात पिल्लं घालतो.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये या बावीस चौरस किलोमीटरच्या रानात लावलेल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. अंगावरच्या पट्ट्यांवरून कळलं की तो यवतमाळच्या टिपेश्वरचा. म्हणजे नकाशावर साडेचारशे-पाचशे किलोमीटर, आणि मधे कापूस, सोयाबीन, ऊस, महामार्ग, गावं. त्याला पकडून सह्याद्रीत सोडायचं ठरलं, पथकं आली, पण वाघ महिनोन्‌महिने हाती लागला नाही. येडशी, बार्शी, भूम असा तो फिरत राहिला. वाघ आफ्रिकेत नाही, कधीच नव्हता. तेव्हा या बाबतीत धाराशिव जिल्हा सेरेंगेटीच्या एक पाऊल पुढं आहे, असं डॉक्टरांनी घाटात गाडी थांबवून जाहीर केलं. गाडीतून खाली उतरून मात्र नाही.

तेरला आम्ही घाईत होतो, तरी लामतुरे संग्रहालयात डोकावलोच. तिथं एक हस्तिदंती बाहुली आहे, वीतभरसुद्धा नाही. तिच्या जातीचीच बाहुली १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. तेर म्हणजे जुनं तगर. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून गलबतं तांबड्या समुद्रातून इजिप्तच्या बंदरांना लागत. त्यातलं बेरेनिके हे बंदर इजिप्तच्या राजांनी मुळात कशासाठी वसवलं? आफ्रिकेतले युद्धाचे हत्ती उतरवून घ्यायला.

कळंबच्या पुलावर मांजरा तुडुंब होती. पाटलांनी गाडी कडेला घेतली आणि आम्ही कठड्याला रेलून उभे राहिलो. त्या तांबूस पाण्याकडं बघताना मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की या नदीत एकेकाळी पाणघोडे डुंबत होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना खाली लातूरकडं मांजरेच्या काठच्या जुन्या गाळात हत्ती आणि पाणघोड्यांची हाडं मिळाली आहेत. हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यातली ही जनावरं. तेव्हा माणूस इथं होता, गारगोटीची पाती घेऊन हिंडत होता. शहामृगही होतं. चाळीसगावजवळ पाटण्याच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा निघाला, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या अशा कवचांमधला डीएनए तपासला, तेव्हा ते आफ्रिकेतल्या शहामृगाच्याच घराण्यातलं निघालं. मग हे सगळे गेले कुठं? पावसाचा ताल बिघडला, डोह आटले, शिकारी वाढले. कशाचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. आफ्रिकेत मात्र ते टिकले. आपण ज्याला आफ्रिकेचं वन्यजीवन म्हणतो ते खरं पाहता दोन्हीकडचं होतं. तिकडं राहिलं, इकडून गेलं.

कळंब, वाशी, भूम या पट्ट्यात डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, आणि अलीकडं माळांवर सौरपट्ट्याही दिसू लागल्या आहेत. वीज हवीच. पण सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ माळ मोडतो, हा माझ्या मते निव्वळ अडाणीपणा आहे. जिथं लांडगा, खोकड, चिंकारा आणि धनगराची मेंढरं चारी पोटं भरतात ती जमीन पडीक कशी? पडीक म्हटलं की ती कुणालाही देता येते, एवढाच त्या शब्दाचा उपयोग.

परंड्याला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. वाटेत भूमला खवा घेतला होता, तो तटावर बसून संपवला. या किल्ल्याचा आणि आफ्रिकेचा संबंध माणसाचा आहे. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला आला आणि मलिक अंबर झाला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा त्यानं निजामशाहीचा वारस परंड्यात गादीवर बसवला, म्हणजे काही काळ हे आमचं तालुक्याचं गाव राजधानी होतं. १६२६ मध्ये मरेपर्यंत त्यानं मोगलांना दमवलं. याच किल्ल्यावर मुलुख मैदान तोफ होती, अहमदनगरात १५४९ मध्ये ओतलेली. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. तिच्या तोंडाला सिंहाचा जबडा आहे आणि त्या जबड्यात हत्ती. सेरेंगेटीत आम्हाला जे बघायचं होतं ते थोडक्यात तेवढंच होतं, म्हणून पुढच्या फेरीला विजापूर घ्यायचं ठरलं.

तुम्ही येणार असाल तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात या. नर-मादी सगळा पावसाळा वाहत नाही. बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटल्याची बातमी आल्याशिवाय निघू नका, नाहीतर कोरडा बंधारा पाहून परताल. नान्नजला सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा, गाडी रस्त्यावरच ठेवा, कळपामागं धावू नका. पायमोजे जाड घाला, कुसळं निघत नाहीत. आणि भाकरी घरूनच घेऊन या.